उट्रेख्टच्या कालव्यात तू जे म्हणालीस

रेवे, लोक तुझ्याबद्दल काय काय लिहितायत ते तू वाचायला हवं होतंस. "शांत, मनमिळाऊ, कधी कुणाला उलट बोलली नाही." आपल्या ब्रेडाच्या मराठी ग्रुपवर हे वाचलं आणि मी फोन सोफ्यावर आपटला. कधी उलट बोलली नाही? गणपतीच्या मीटिंगमध्ये दीड तास अध्यक्षांशी भांडून ज्या बाईने प्लास्टिकच्या प्लेटा बंद करायला लावल्या, तिच्याबद्दल हे चाललंय? त्याच अध्यक्षांनी तुझ्या फोटोखाली "निर्मळ झऱ्यासारखी" असं टाकलंय. तू असतीस तर त्यांना खाली दोन ओळी ठेवून दिल्या असत्यास आणि वर मला त्याचा स्क्रीनशॉट पाठवला असतास.

मी यातलं काही ऐकून घेणार नाहीये. माझा स्वभाव तुला माहीत आहे. तू गेलीस म्हणून तुला गोड करून घ्यायचं, हे मला जमणार नाही. तू हट्टी होतीस, भांडखोर होतीस, आणि एका बाबतीत पक्की भित्री होतीस. त्या एका बाबतीतच तुझ्याशी बोलायचं आहे. आठ वर्षं तू मला एक गोष्ट बोलू दिली नाहीस. परवा, रविवारी, तुझ्याच घरात, तुझ्या आईसमोर मी ती बोलले. शप्पथ मोडली. कशी आणि का ते तुला सांगायला हवं, कारण त्यावर भांडायला आता तू येणार नाहीस.

तुझ्या लक्षात कधी काही राहत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. मुंबईच्या विमानतळावर तुझ्या आईने, म्हणजे काकूंनी, माझा हात धरला होता. आपली ओळख तेव्हा जेमतेम पंधरा दिवसांची, तीसुद्धा फोनवरची. एनस्खेडे या डच गावातल्या युनिव्हर्सिटीत दोघींना एकाच कोर्सला ॲडमिशन मिळाली एवढंच. मी तुझ्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठी. काकू म्हणाल्या, तू मोठी आहेस, हिला नीट परत आण. सांगलीहून रात्रभराचा प्रवास करून आलेल्या, एकट्याने मुलगी वाढवलेल्या, कॉलेजात तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाई. मी काय म्हणणार? म्हटलं, हो काकू, आणते.

आणि मी ते मनावर घेतलं होतं, हे तू कधीच मान्य केलं नाहीस. पहिल्या हिवाळ्यात तू सायकलवरून बर्फात आपटलीस तेव्हा माझा जीव अर्धा झाला तो तुझ्या गुडघ्यासाठी नव्हे, काकूंना काय सांगू म्हणून. दोन वर्षं मी दिवस मोजत होते. थिसिस झाला, डिग्री हातात येणार, सोमवारचं तुझं विमान; मी मात्र मागे इथेच राहणार होते. सांगलीला काकूंच्याच कॉलेजात लेक्चररची जागा तुझ्यासाठी बोलून ठेवलेली. शुक्रवारी सकाळी दहाला खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, जाऊन तुला सांगायचं होतं की मी हा देश सोडून चालले, माझं नाव काढा. तेवढं झालं की मी सुटले, असा माझा हिशोब. आणि गुरुवारी तू म्हणालीस, जायच्या आधी उट्रेख्ट बघू.

चौघे होतो. तू, मी, आपला नागपूरचा ओमकार आणि ठाण्याची जुई. त्या दोघांचं तेव्हा "आम्ही फक्त फ्रेंड्स आहोत" चाललं होतं, त्यावरून गाडीत तू त्यांना एनस्खेडेपासून आमेर्सफोर्टपर्यंत छळलंस. मी पहाटे उठून मसालेभात केला होता. तुझ्या स्टीलच्या मोठ्या डब्यात भरला, वर तूप, बाजूला काकडीची कोशिंबीर. कोशिंबिरीचं झाकण नीट लागलं नव्हतं आणि ती तुझ्या सॅकमध्ये तुझ्या थिसिसच्या कॉपीवर सांडली. पान चाळीसपासून पुढे सगळं दह्यात. तू म्हणालीस, प्राजे, परीक्षकांनी वाचलाय ना, झालं तर मग.

उट्रेख्टमध्ये कालवा रस्त्याच्या एक मजला खाली. पायऱ्या उतरून गेलं की पाण्याला लागून फरसबंदी, मोठी झाडं, सावली, आणि सावलीत टेबलं-खुर्च्या मांडलेल्या. आपण चौघे कसे बसलो आठवतंय? जसं कृष्णेच्या घाटावर बसावं तसे. सरकारने लोकांसाठी खुर्च्या ठेवल्यात, किती छान देश, असं ओमकार म्हणालासुद्धा. डबा उघडला, चमचे वाटले, मसालेभाताचा वास पाण्यावर पसरला आणि एक उंच बाई हातात मेनूकार्डं घेऊन आली. ते तिचं हॉटेल होतं. वरच्या मजल्यावर रस्ता, खाली तळघरात किचन, आणि ही सगळी टेबलं त्यांची.

मी आणि जुई लाजेने लाल. उठायलाच लागलो होतो. पण तू? तू आपल्या सहा महिन्यांच्या क्लासमधल्या डच भाषेत तिच्याशी वाद घालायला लागलीस. झाड कोणाचं? झाड खेमेंटेचं. फरशी कोणाची? फरशीपण खेमेंटेची. मग आम्ही तुमच्या खुर्च्या सोडून फरशीवर बसतो. ती बाई पण पक्की. तिने शांतपणे सांगितलं की फरशीचं भाडं आम्ही भरतो, त्या पिवळ्या रेघेपर्यंत. तू रेघ बघून आलीस. खरंच होती. मग तू तिला सॉरी म्हणालीस, चार पुदिन्याचे चहा मागवलेस, डबा बंद केलास आणि चहा पिता पिता तिच्याकडून त्या तळघरांची सगळी माहिती काढून घेतलीस. हरल्यावर तुला लाज कशी वाटत नाही, याचं मला नेहमी नवल वाटायचं. मला तर बरोबर असतानासुद्धा लाज वाटते.

भुका तशाच होत्या. म्हणून पेडल बोट घेतली. चार जणांची, पुढे दोघांनी पाय मारायचे, मागे दोघांनी बसायचं. ओमकार आणि जुई मागे, दोघांच्या मध्ये डबा. आपण दोघी पुढे. तुझा पाय जोरात, माझा हळू, त्यामुळे बोट सारखी डावीकडे जाऊन भिंतीला थडकत होती. वरून, रस्त्यावरच्या कठड्यावरून लोक बघत होते. एका पुलाखाली आपण अडकलो, समोरून टुरिस्टांची मोठी बोट येत होती आणि तू भाताचा घास तोंडात घेऊन मला म्हणालीस, "मी उद्या खेमेंटेत जात नाहीये."

मला वाटलं अपॉइंटमेंट पुढे ढकललीस. म्हटलं, अगं सोमवारी विमान आहे. तू म्हणालीस, "विमानात बसतच नाही की. एका वर्षाचा नोकरी शोधायचा परवाना येईल, अर्ज मी केव्हाच केलाय. पंधरा दिवस झाले."

पंधरा दिवस. पंधरा दिवस तू माझ्या खोलीत बसून माझ्याबरोबर सामानाची यादी करत होतीस, काकूंना कोणतं चीज न्यायचं यावर चर्चा करत होतीस, आणि अर्ज आधीच केलेला. माझं डोकंच फिरलं. बोटीत भांडू नये एवढी साधी अक्कल त्या दिवशी मला राहिली नाही. मी पाय मारायचं थांबवलं, बोट आडवी झाली, टुरिस्टांच्या बोटीने भोंगा वाजवला, आणि मी तुला ओरडून सांगत होते की परत जा. तीन ठिकाणी इंटरव्ह्यू दिलेस, तिन्हीकडे नापास. तिकडे जागा तयार आहे. काकू एकट्या आहेत. मी शब्द दिलाय त्यांना. इथे काय करणार आहेस तू? ओमकार मागून म्हणत होता, अरे यार, आधी बोट सरळ करा. कोणी ऐकलं नाही त्याचं.

तेव्हा तू जे म्हणालीस ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. ओमकार-जुईने ऐकलं, मी ऐकलं, बस. तू म्हणालीस, "सांगलीत मी जिथं जाईन तिथं पाटणकर मॅडमची मुलगी असते. रिक्षावाल्यापासून प्रिन्सिपॉलपर्यंत. इथं मी नापास झाले तर माझी मी नापास होते. मला ते पाहिजे, प्राजे."

मी त्यावर काय बोलले? आठवतं तुला? मी म्हटलं, नापास व्हायला कोणी देश बदलतं का. टाळ्या मिळवायचं वाक्य. तू पेडलवर पाय ठेवलेस. मग आपण दोघींनी मिळून बोट सरळ केली. तेव्हा पहिल्यांदा आपले पाय एका लयीत पडले, आणि मी रागातच होते.

मी चुकले होते, रेवे. त्या दिवशी मी तुझं ऐकायला हवं होतं आणि मी माझा शब्द सांभाळत बसले. हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही. तुला पाच महिन्यांनी ब्रेडात नोकरी लागली तेव्हा म्हणता आलं असतं. वर्षाने मीही तिथेच आले, तुझ्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर, तेव्हाही म्हणता आलं असतं. पण मला तुझ्यावर दुसराच राग होता आणि तो मला सोडायचा नव्हता.

तो राग गाडीतला. परतीच्या गाडीत, आपेलडोर्न स्टेशन गेलं आणि काकूंचा फोन आला. आम्ही तिघे तुझ्याकडे बघतोय, आता ही सांगणार. आणि तू काय सांगितलंस? "आई, प्राजू सोडतच नाही बघ. म्हणते एक वर्ष थांब, एकटी मी काय करू. मी तरी काय बोलणार तिला?" वर माझ्याकडे बघून डोळा मारलास. मी फोन हिसकावून घ्यायला हवा होता. मी हातातली चमचाभर कोशिंबीर तुझ्यावर फेकायलाही हवी होती. पण काकू पलीकडून रडत होत्या ते मला ऐकू येत होतं, आणि मी गप्प बसले. फोन ठेवल्यावर तू माझा हात तुझ्या डोक्यावर ठेवलास. माझी शप्पथ आहे, तू बोलायचं नाहीस, मी सांगेन, दिवाळीपर्यंत नक्की सांगेन.

आठ दिवाळ्या झाल्या.

दरवर्षी सांगलीहून भडंग यायचं. काकू पाकिटांवर मार्करने नावं घालायच्या, त्यांच्या त्या फळ्यावरच्या अक्षरात. ओमकार. जुई. रेवती. पुढे ओमकार-जुईला मुलगी झाली तर तिच्याही नावाचं, बिनतिखट. माझं कधीच नाही. तू तुझ्यातलं अर्धं मला द्यायचीस आणि मी खायचे नाही. एकदा तुझ्याबरोबर सांगलीला आले तर काकूंनी मला पुरणपोळी वाढली, आग्रह करून वाढली, पण माझ्याकडे बघितलं नाही. रात्री मी तुला म्हटलं, आत्ताच्या आत्ता जाऊन सांग. तू म्हणालीस, तिचं ब्लडप्रेशर वाढलंय गं, पुढच्या वेळी. तुझी पुढची वेळ कधी यायचीच नाही. आणि तू आईला घाबरायचीस असं मला वाटत होतं, पण परवा मला वाटलं तू तिच्या मनातून एकदाही उतरायला तयार नव्हतीस. म्हणून मला उभं केलंस मध्ये. भिंतीसारखं.

आपलं शेवटचं भांडणही त्यावरूनच. शनिवारच्या बाजारात, भाजीच्या गाड्यासमोर, हातात मेथी म्हणून घेतलेला भलताच पाला. तू म्हणालीस, आता आठ वर्षांनी आईला काय फरक पडतो? मी म्हटलं, मला पडतो. आणि सायकल काढून निघून गेले. बुधवारी तू मला तुझ्या भाकरीचा फोटो पाठवलास, नकाशासारखी फाटलेली. मी नुसता अंगठा टाकला. एक शब्द लिहिला नाही. पुढच्या सोमवारी ऑफिसात तुझं डोकं दुखायला लागलं आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. तो अंगठा अजून तिथेच आहे, तुझ्या भाकरीच्या खाली. मी पुसत नाही. राहू दे.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की मेंदूतली ती नस कुठेही, केव्हाही फुटली असती, सांगलीतसुद्धा. पण काकूंबरोबर आलेले तुझे मामा ते ऐकायला तयार नव्हते. इकडचे डॉक्टर, इकडची थंडी, इकडचं एकटं राहणं, असं त्यांचं चालूच होतं. मला मामांचा राग आला नाही. त्यांना काहीतरी हातात धरायला हवं होतं.

तुझ्या अंत्यविधीला इथल्या पद्धतीप्रमाणे कॉफी आणि केकचा तुकडा होता. मामा हादरले. केक? मयताला? मी त्यांच्यासमोर दोन तुकडे खाल्ले, एक माझा, एक तुझा, कारण तू दुसरा मागितलाच असतास. आणि तुझ्या ऑफिसातली ती पांढऱ्या केसांची मारायके उठली. सगळ्यांनी गोड-गोड भाषणं केल्यावर ती म्हणाली, रेवती "लास्तिख" होती. म्हणजे त्रासदायक, जिच्याशी सोपं नसतं अशी. दर मंगळवारी ट्रकांच्या प्लॅनिंगवरून माझ्याशी भांडायची, म्हणाली, आणि दहापैकी सात वेळा तिचं बरोबर असायचं. मग ती जागेवर जाऊन बसली. त्या संपूर्ण दिवसात तुझ्याबद्दल एकच बाई खरं बोलली आणि तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. मी जाऊन तिला मिठी मारली.

आता रविवार. काकू तुझ्या बेडरूममध्ये तुझे कपडे घड्या करून ठेवत होत्या. ओमकार-जुई मास्ट्रिख्टहून आलेले, त्यांची चार वर्षांची पोर जमिनीवर चित्र काढत होती. काकू तिला मराठीत विचारत होत्या, ती डचमध्ये उत्तरं देत होती आणि दोघींचं व्यवस्थित चाललं होतं. मामा डायनिंग टेबलावर. सांगलीला शोकसभा ठेवली आहे, तिथे वाटायचं एक पानाचं निवेदन त्यांनी लिहून तुझ्याच प्रिंटरवर छापलं होतं. त्यांनी ते माझ्याकडे दिलं. इकडच्या गावांची नावं बरोबर आहेत का बघ म्हणाले. माझ्यावर विश्वास टाकल्यासारखं सौजन्याने म्हणाले ते.

मी वाचायला लागले. ब्रेडा बरोबर होतं. एनस्खेडे चुकलं होतं. आणि चौथ्या ओळीत होतं: "शिक्षणानंतर मायदेशी परतण्याची तिची मनापासून इच्छा होती, परंतु मैत्रिणीच्या आग्रहाखातर ती तिथेच राहिली."

मी ते वाक्य तीनदा वाचलं. माझं नाव त्यात नव्हतं. सांगलीत मला कोण ओळखतं, मला काय त्याचं? पण तुझी आठ वर्षं, रेवे. ते पाच महिने, कुठे कुठे अर्ज टाकत हिंडलीस ते. पहिल्या पगारात घेतलेली ती सेकंडहँड सायकल. प्रमोशन नाकारलं गेलं तेव्हा बॉसच्या केबिनमध्ये जाऊन घातलेला वाद. तुझं नापास होणं आणि तुझं पास होणं, सगळं कोणाच्या तरी आग्रहाखातर. म्हणजे तू कोणाची तरी मुलगी म्हणून तरी जायचंस, नाहीतर कोणाची तरी मैत्रीण म्हणून. तू मेल्यानंतरच्या कागदावरसुद्धा तुझं काही तू ठरवलेलं नसायचं.

ओमकारने माझं तोंड बघितलं आणि मला किचनमध्ये ओढलं. त्याला माहीत होतं. म्हणाला, सोड ना बे आता. म्हातारीला दोष द्यायला कोणी तरी लागतं, तू आहेस तर आहेस. तुझं काय जातंय? सांगशील तर काय कळणार तिला? की पोरीला आपण नको होतो म्हणून ती राहिली. आणि तू शप्पथ घेतली आहेस. जुईने मान हलवली. दोघंही चुकीचं बोलत नव्हते. मी ओट्याला टेकून उभी राहिले. आठ वर्षं मी हे ओझं रागाने वाहिलं, आता प्रेमाने वाहायचं, एवढाच फरक. सोपं होतं. मी जवळजवळ हो म्हणाले होते.

पण मग मला वाटलं, काकूंना सुख मिळावं म्हणून मी रेवतीला पुसायची? जी बाई हयातभर एवढ्यासाठी भांडली की माझं मला करू दे, तिचं सगळ्यात मोठं धाडस मी माझ्या नावावर ठेवून घ्यायचं आणि वर त्याला चांगुलपणा म्हणायचं? नाही. मेलेल्या माणसाची शप्पथ मोडली तर पाप लागतं म्हणतात. लागू दे.

मी बेडरूममध्ये गेले, दार लोटलं नाही, काकूंसमोर पलंगावर बसले आणि सगळं सांगितलं. डबा, पिवळी रेघ, पेडल बोट, पंधरा दिवस आधीचा अर्ज, मी तुला परत जा म्हणून ओरडले ते, गाडीतला फोन, शप्पथ. माझा आवाज चढत होता तो मला कळत होता. मामा दारात येऊन उभे राहिले. काकूंनी मध्ये एकदाही मला थांबवलं नाही. हातातल्या तुझ्या निळ्या कुर्त्याची घडी तशीच अर्धी राहिली. तोंडी परीक्षेला विद्यार्थ्याचं ऐकावं तसं त्या माझं ऐकत होत्या.

शेवटी त्यांनी विचारलं, अर्ज कधीचा? ट्रिपच्या आधीचा की नंतरचा?

आधीचा, मी म्हटलं. तिच्या मेलमध्ये असेल अजून.

म्हणजे तुझ्या आग्रहाचा प्रश्नच येत नाही, त्या म्हणाल्या. इतक्या कोरड्या आवाजात म्हणाल्या की मला पुढचं सांगायची भीती वाटली. पण त्यांनीच विचारलं, का थांबली मग? तिला काय नव्हतं तिकडे?

इथे मी अडखळले, रेवे. खोटं बोलायला एक सेकंद होता. नोकरीसाठी म्हणता आलं असतं. मी तुझं वाक्य सांगितलं. जसंच्या तसं. पाटणकर मॅडमची मुलगी, रिक्षावाला, प्रिन्सिपॉल, माझी मी नापास. मामा म्हणाले, पुरे आता. काकूंनी त्यांना हाताने थांबवलं.

कुर्त्याची अर्धी राहिलेली घडी त्यांनी पूर्ण केली. बाहेर तुझ्या शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र चालू होतं. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली जी तू मला कधी सांगितली नव्हतीस. अकरावीला तुला गणितात कमी मार्क पडले होते. काकूंच्याच कॉलेजात. काकूंनी स्टाफरूममध्ये तुझा पेपर मागवून घेतला, सहकाऱ्याला पुन्हा तपासायला लावला आणि सहा मार्क वाढवून घेतले. न्यायाचेच होते ते मार्क, त्या म्हणाल्या, मी काही पक्षपात केला नव्हता. पण त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली डोकं दुखतंय. मला वाटलं, डोकंच दुखत असेल.

आणि तिथे त्या रडल्या. आल्यापासून पहिल्यांदा, दवाखान्यात नाही, भट्टीपाशी नाही, तिथे. मीही रडले. एकमेकींना धरून वगैरे नाही. दोघी दोन टोकांना बसून, मध्ये तुझ्या कपड्यांचा ढीग. मला वाटलं होतं खरं सांगितल्यावर मला हलकं वाटेल. नाही वाटलं. तुझ्या आईला दुखवलं होतं मी, आणि ते मला पुन्हा करायला लागलं असतं तरी मी केलं असतं.

काकू उठल्या, तोंड धुऊन आल्या. डायनिंग टेबलावरचा कागद त्यांनी घेतला, चष्मा लावला, तुझ्या पेनस्टँडमधलं लाल पेन उचललं. एनस्खेडे आधी दुरुस्त केलं. मग ते वाक्य एका रेघेत खोडलं आणि वर समासात लिहिलं, त्या फळ्यावरच्या अक्षरात: "शिक्षणानंतर तिथेच राहायचं रेवतीने स्वतः ठरवलं."

मामांनी खांद्यावरून वाचलं. ते हळू आवाजात म्हणाले, ताई, हे असं छापलं तर लोक काय म्हणतील? म्हणतील, विधवा आईला एकटं टाकून मुलगी आपल्या मर्जीने परदेशात राहिली.

काकूंनी पेनाचं टोपण लावलं.

"म्हणू देत की," त्या म्हणाल्या. "राहिलीच होती ती."